क्रमवीक्षक ग्राही आणि एक डायोड

एकाच रेडिओ-ग्राहीने अनेक कंप्रतांवर लक्ष ठेवावयाचे, तर दोन प्रश्न उपस्थित होतात. एका कंप्रतेवरून दुसरीवर त्वरेने कसे जावयाचे, आणि कोठे थांबावयाचे हे यंत्राने कसे ओळखावयाचे? क्रमवीक्षक ग्राही, म्हणजेच स्कॅनर, याची सारी रचना या दोन प्रश्नांभोवती उभी आहे.

दुसरा प्रश्न तुलनेने सोपा. कंप्रता-विरूपित ग्राहीत संदेश नसताना श्राव्य पट्ट्याच्या वरच्या भागात मोठा गोंगाट असतो. वाहक तरंग येताच तो ओसरतो. ‘स्क्वेल्च’ मंडल हा गोंगाट मोजते व तो ओसरला की थांबण्याची आज्ञा देते.

पहिल्या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे प्रत्येक कंप्रतेसाठी वेगळा स्फटिक. कंप्रता-संश्लेषक आला आणि हे चित्र पालटले. त्यात स्फटिक एकच. आंदोलकाच्या कंप्रतेस ज्या पूर्णांकाने भागावयाचे, तो पूर्णांक तेवढा बदलतो. कंप्रता ही आता वस्तू न राहता स्मृतीत साठविलेली संख्या झाली.

या पिढीतील उत्कृष्ट नमुना म्हणून 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेत रेडिओ शॅकने विकलेल्या ‘रिअलिस्टिक प्रो-2004’ या ग्राहीकडे बोट दाखविता येईल. यात 300 स्मृतिस्थाने असून सेकंदाला सुमारे 16 तपासली जातात. म्हणजे पूर्ण फेरीस जवळजवळ 19 सेकंद लागतात. पाच सेकंदांचा संदेश त्यात सहज निसटावा! पल्ला 25 ते 520 व 760 ते 1300 मेगाहर्ट्झ. मधली पोकळी विचित्र वाटते खरी. परंतु पहिली मध्य कंप्रता 610 मेगाहर्ट्झ आहे, आणि कोणताही ग्राही स्वतःच्या मध्य कंप्रतेच्या आसपास नीट ऐकू शकत नाही. इतकी उंच मध्य कंप्रता घेण्याचा लाभ असा, की प्रतिमा-कंप्रता फार दूर जाते.

मात्र सेल्युलर दूरध्वनीचे पट्टे यात बंद ठेवलेले होते. तत्कालीन दूरध्वनी अनुरूप पद्धतीचे. संभाषण उघडपणे हवेत जाई. 1986 च्या अमेरिकी कायद्याने ते ऐकणे निषिद्ध ठरले. पण ग्राहीत हा निषेध पाळणारे काय होते? डी-513 हा एक डायोड. तो सूक्ष्मप्रक्रियकास ‘या संख्या स्वीकारू नको’ एवढेच सांगे. तो तोडला की पट्टे खुले! विद्युत्-मंडलात दुसरे काहीच बदलत नसे. स्वस्त ग्राहींत तर तोडण्याचीही गरज नव्हती. मध्य कंप्रता 10.7 मेगाहर्ट्झ असेल व आंदोलक वरच्या बाजूस असेल, तर 858.6 वर लावलेल्या ग्राहीत 880 मेगाहर्ट्झचा संदेश प्रतिमारूपाने शिरतो. अंतर 10.7 ची दुप्पट, म्हणजे 21.4. हे गणित कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात कितपत आले असेल, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे.

1992 च्या कायद्याने, सेल्युलर पट्टे ऐकणारे किंवा वापरणाऱ्यास सहज तसे बदलता येणारे स्कॅनर निर्माण करण्यास बंदी आणली. ती 1994 पासून अंमलात आली. गुप्तता खऱ्या अर्थाने लाभली ती संदेश अंकीय व सांकेतिक झाल्यावर. फेब्रुवारी 2008 मध्ये अमेरिकेतील कंपन्यांवरील अनुरूप सेवा चालू ठेवण्याचे बंधन संपले. डायोड तोडलेल्या ग्राहीत आज त्या पट्ट्यावर केवळ खरखर ऐकू येते.