म्हातारी मांजर घरभर शू करतेय? आधी तपासणी करा
बारा-तेरा वर्षांची मांजर अचानक गादीवर शू करू लागली की घरचे म्हणतात, ‘मुद्दाम करतेय’. खरं तर या वयात मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. म्हणून ओरडण्याआधी पशुवैद्यकाकडून रक्त-लघवी तपासून घ्या. पाणी मात्र कमी करू नका. सांधे दुखत असतील तर उंच कडेचा ट्रे तिला ओलांडवत नाही. बुटका ट्रे तिच्या झोपायच्या जागेजवळ ठेवा. डाग फिनाइलने पुसू नका, ते मांजरांना विषारी ठरू शकतं. एन्झाइमवाला क्लीनर वापरा. वास राहिला की ती पुन्हा तिथेच जाते. आणि बोक्याला जोर लावूनही शू होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.