'जिद्दी' म्हणजे 'ऑब्स्टिनेट' नव्हे!

शेजारचा मुलगा स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. मध्यंतरी एका खासगी नोकरीचा अर्ज तपासून घ्यायला आला. दुसऱ्याच ओळीत होतं, 'आय ॲम ॲन ऑब्स्टिनेट वर्कर'. म्हटलं, "अरे, हे काय लिहिलंयस?" तर म्हणाला, "काका, जिद्दी! वहीत आहे माझ्या."

वहीत खरंच होतं. दोनशे पानी वही, मधोमध पट्टीने मारलेली रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ. रोजचे दहा, तारखेसकट. हा अर्थ त्याने एका हिंदी गाइडमधून उतरवला होता. हिंदीत 'जिद्दी' म्हणजे हट्टी, हेकेखोर. मराठीत जिद्दी म्हणजे कौतुकाचा माणूस. इंग्रजी शब्द हिंदीच्या वाटेने मराठीत आला आणि वाटेत दूषणाचं भूषण झालं. अर्ज वाचणाऱ्याला मात्र कळलं असतं ते एवढंच, की हा गडी कुणाचं ऐकत नाही.

गैरसमज : रोज दहा अवघड शब्द अर्थासकट पाठ केले, की वर्षभरात इंग्रजी पक्कं.

हे सूत्र ऐकून ऐकून कान किटले. गुणाकार बरोबर आहे, ३,६५० होतात. चुकतं ते पुढचं सगळं.

पहिली गोष्ट, शब्दाचा अर्थ म्हणजे शब्द नव्हे. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला 'हार्ड म्हणजे कठीण' एवढंच सांगून पाहा. तो खुशाल 'कठीण लाडू' म्हणेल. लाडू टणक असतो, पेपर कठीण असतो, ऊन कडक असतं आणि शिस्तही कडकच असते. हे आपल्याला कुणी रेघ मारून शिकवलेलं नाही. शब्द कुणाच्या पंगतीला बसतो ते आपण ऐकत आलो. इंग्रजीतही तेच. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांचं गाजलेलं उदाहरण आहे : चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. 'पॉवरफुल टी' म्हटलं तर व्याकरणाची चूक काढता येत नाही, पण ऐकणारा हसतो.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही वेळाने तेच पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त फायदा गेलेला असे. दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश उरे. २०१५ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हाही उतार साधारण तसाच दिसला. कुठल्याही वाक्यात न भेटलेला शब्द आपल्या लेखी त्या अक्षरगटापेक्षा फारसा वेगळा नसतो.

तिसरी गोष्ट, शब्दांची निवडच चुकते. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला : कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं, तर साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) ओळखीची लागतात. त्यात बहुसंख्य साधे आणि मध्यम वापराचे शब्द आहेत. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये केलेल्या यादीत फक्त ५७० शब्दकुटुंबं आहेत, पण अभ्यासविषयक मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग त्यांनीच व्यापलेला असतो. त्यात 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'सिग्निफिकंट' असे शब्द आहेत. त्या मुलाच्या वहीत यातला एकही नव्हता. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' मात्र लाल शाईने होता!

मग पाठांतर टाकाऊ का? नाही. शब्दांची कार्डं करून, मधे दिवस जाऊ देऊन, अर्थ झाकून आठवायचा, ही पद्धत नेशनही सुचवतात. कार्डाने ओळख होते. सहवास वाचनात आणि ऐकण्यातच घडतो.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*मोठे शब्द वापरले की माणूस हुशार वाटतो.* उलट. डॅनियल ओपनहायमर यांच्या २००६ च्या अभ्यासात, उगाच जड शब्द घातलेल्या मजकुराचा लेखक वाचकांना कमी बुद्धिमान वाटला. या कामाला त्याच वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं.

*एका शब्दाला एक अर्थ.* बँकेत कर्ज 'सँक्शन' होतं म्हणजे मंजुरी. एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लागतात म्हणजे निर्बंध.

*उपसर्ग कळला की शब्द कळला.* मदत होते, पण टँकरवरचं 'इन्फ्लेमेबल' वाचून 'न पेटणारं' समजलात, तर देव तारो.

*परीक्षेत शब्दांचे अर्थच विचारतात.* काही परीक्षांत विचारतात, तिथे यादी करा. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेने मात्र सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं २०११ मध्येच बंद केलं.

*कुठलाही शब्दकोश चालतो.* नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी परभाषकांसाठी केलेल्या कोशातून पुढे ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' कोश आला. शब्द कशाबरोबर येतो हे तो वाक्यांतून दाखवतो. 'ऑब्स्टिनेट'पुढे, हा शब्द बहुधा नापसंतीने वापरतात, अशी खूणही असते.

ती खूण मी त्या मुलाला दाखवली. त्याने वहीत तिसरा रकाना आखला, शब्द ज्या वाक्यात भेटला ते लिहायला. अर्जातला शब्द खोडून तिथे 'डिटरमिंड' लिहिला. मी विचारलं, हा कधी शिकलास? म्हणाला, "नववीत. पण काका, तो फार सोपा वाटला."