मातुराची रात्रपाळी

मराठी घरांना त्रिनिदादची ओळख झाली ती क्रिकेटमुळे. 1971 साली अजित वाडेकरच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. दिलीप सरदेसाईचे शतक आणि सुनील गावसकरचे पदार्पण त्याच सामन्यातले. पुढे पन्नासहून अधिक वर्षे उलटली, तरी आपल्याकडचा प्रवासी त्या बेटावर सहसा फिरकत नाही. तेल आणि नैसर्गिक वायू हाताशी असल्याने पर्यटनावर पोट भरण्याची वेळ त्रिनिदादवर शेजारच्या बेटांइतकी आली नाही. तरीही दरवर्षी मार्च ते ऑगस्टमध्ये ईशान्य किनाऱ्यावरच्या मातुरा या गावी दूरदेशांतून माणसे येतात, तीही पदरचे पैसे मोजून रात्रभर राबायला.

कत्तलीपासून पहाऱ्यापर्यंत

मातुराचा किनारा सुमारे 8 किलोमीटर लांब आणि थेट अटलांटिकला भिडलेला आहे. लाटा इतक्या दांडग्या की पोहायला उतरणे धोक्याचे. लेदरबॅक कासवाच्या मादीला मात्र हाच किनारा मानवतो. लेदरबॅक ही जगातील सर्वांत मोठ्या कासवांची जात. इतर सागरी कासवांसारखे कठीण कवच त्यांना नसते; पाठीवर काळी, चिवट कातडी आणि तिच्यावर लांबट उभे कंगोरे असतात. ही कासवे हजार मीटरहून खोल बुडी मारतात, जेलीफिश खात थेट कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत जातात आणि दोन-तीन वर्षांनी अंडी घालायला पुन्हा उष्ण कटिबंधातल्या वाळूवर येतात.

इथे त्यांची वाट पाहत असे तो कोयता. त्रिनिदादच्या जुन्या कायद्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारी कासवांच्या शिकारीला मुभा होती. अंडी घालण्याच्या हंगामात बंदी असे, पण ती कागदावर. तीन-चारशे किलोचे जनावर वाळूवर आले की त्याला पळताही येत नाही. लोक मांसाचा हवा तेवढा तुकडा कापून नेत आणि बाकीचे धूड तिथेच कुजत पडे.

1990 मध्ये सरकारने हंगामापुरता हा किनारा प्रतिबंधित ठरवला. 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळात परवान्याशिवाय पाऊल ठेवायचे नाही, असा नियम झाला. नुसते एवढेच झाले असते तर गाव आणि वनखाते यांच्यात कायमचा उभा दावा मांडला गेला असता. पण खात्याने गावातल्याच लोकांना वाटाड्याचे प्रशिक्षण दिले आणि त्यांच्यातून ‘नेचर सीकर्स’ ही संस्था उभी राहिली. तिच्या अग्रणी सुझन लखन बाप्टिस्ट याच गावच्या. सुरुवातीला गस्त विनामोबदला होती. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या या बाईला लोकांनी ‘कासववेडी’ ठरवले. 2009 मध्ये सीएनएनने ‘हीरो’ म्हणून त्यांचा गौरव केला. 2011 मध्ये देशभर कासवांची शिकार बारमाही बंद झाली.

अंधारातले काम

बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाला इथे पहिला धडा मिळतो तो गप्प बसण्याचा. पांढरा प्रकाश चालत नाही; विजेरीला लाल काच लागते. मादी पाण्यातून वर सरकत असताना कुणी पुढे गेले, तर ती माघारी फिरू शकते. म्हणून गस्तीवरचा गावकरी ‘आता’ म्हणेपर्यंत दूरच थांबायचे.

मादी आधी पुढच्या वल्ह्यांनी सैल वाळू उडवून अंगापुरता खळगा करते. मग मागच्या वल्ह्यांची पाळी. एक वल्हे आत जाते, पंजा वळवावा तशी त्याची कड वळते, ओंजळभर वाळू वर येते आणि हलकेच बाजूला पडते; मग दुसरे. मागे काय चालले आहे हे तिला दिसत नाही, तरी सुरईच्या आकाराचा हातभर खोल खड्डा तयार होतो. त्यात साधारण ऐंशी अंडी पडतात आणि त्यांच्यासोबत बलक नसलेली काही लहान अंडीही.

अंडी घालताना ती तंद्रीत असते आणि पथकाला मिळतो तो एवढाच वेळ. एक जण टेपने पाठीची लांबी-रुंदी मोजतो. दुसरा मागच्या वल्ह्यांवर धातूची क्रमांकित पट्टी आहे का ते पाहतो. नसेल तर बसवली जाते. खांद्याच्या स्नायूत चिप असेल, तर यंत्र तिचा क्रमांक दाखवते. सगळे वहीत उतरते. मादी वाळू दाबते, माग मोडण्यासाठी आजूबाजूला वाळू उधळते आणि समुद्राकडे वळते. एका हंगामात ती साधारण नऊ-दहा दिवसांच्या अंतराने अनेकदा येते. तीच मादी पुन्हा आली की दुसरी, हे कळते ते या नोंदींमुळेच.

हौसे, नवसे, गवसे

स्वयंसेवेच्या जागतिक जत्रेतही हौसे, नवसे आणि गवसे असतातच. याच कॅरिबियनमध्ये, हैतीत, परदेशी देणग्यांवर आणि पाहुण्यांवर अनाथालयांचा पसारा वाढला. तिथल्या बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी किमान एक जण हयात असल्याचे या क्षेत्रातल्या संस्था सांगत आल्या आहेत. चार दिवस लळा लावून निघून जाणाऱ्या पाहुण्याने त्या मुलांचे भले होत नाही. झाले तर अनाथालय चालवणाऱ्याचे होते.

मातुरात हे टळले, कारण कामाची मालकी गावाकडे राहिली. ‘अर्थवॉच’सारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेने इथे स्वयंसेवक पाठवले, तरी किनाऱ्यावर हुकूम चाले तो गावकऱ्याचा. पाहुण्याकडून दोन गोष्टी मिळत: पैसे आणि जादा हात. त्यातून गस्तीचा पगार, मुक्कामाची सोय, वाटाड्याची कमाई असे अर्थकारण उभे राहिले. किनाऱ्यावर येणाऱ्या फुटक्या बाटल्यांच्या काचेतून दागिने घडवण्याचा उद्योगही संस्थेने सुरू केला. जिवंत कासव मेलेल्यापेक्षा जास्त मिळवून देते, हा हिशेब गावाला पटला तेव्हाच कोयते थांबले.

यशाची दुसरी बाजू

म्हणून सगळे आलबेल आहे असे नाही. अंडी घालायला येणारी कासवे किनाऱ्याजवळ मासेमारीच्या जाळ्यांत अडकतात, गुदमरतात. जाळे फाटून कोळ्याचेही नुकसान होते. 2012 मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रान्द रिव्हिएर गावी नदीचे भरकटलेले पात्र वळवण्यासाठी सरकारी कामावर अवजड यंत्रे आली आणि अंडी व पिल्ले त्यांच्याखाली चिरडली गेली. 2019 मध्ये वायव्य अटलांटिकमधल्या लेदरबॅकची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ अशी झाली. वाळू जितकी तापेल तितक्या माद्या जास्त जन्मतात, ही हवामानबदलाची टांगती तलवार आहेच. वाळूवरचा पहारा कितीही चोख असला, तरी समुद्रातले मरण तो थांबवू शकत नाही.

जायचे असेल तर

भारतातून त्रिनिदादला थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क अशा ठिकाणी बदलावे लागते, म्हणून वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा आधी पाहावा. पर्यटक म्हणून प्रवेश आणि स्वयंसेवक म्हणून काम यांचे नियम वेगळे असू शकतात. त्रिनिदादच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी. प्रमाणपत्र नसेल, तर परतताना भारतातच विलगीकरणात अडकण्याची वेळ येते. गुन्हेगारीमुळे 2024 च्या अखेरीस त्रिनिदादमध्ये आणीबाणी पुकारली गेली होती, तेव्हा परिस्थितीची ताजी माहिती हवीच. जेवणाची मात्र आबाळ नाही. 1845 पासून गिरमिटिया म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज आज लोकसंख्येत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहेत, आणि मऊ तळलेल्या ‘बाऱ्या’मध्ये चण्याची रस्साभाजी घातलेले ‘डबल्स’ रस्तोरस्ती मिळतात.

पण मातुराने शिकवलेले सूत्र तपासायला अटलांटिक ओलांडण्याची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली, आणि कासव महोत्सवाच्या निमित्ताने घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली. हौस असेल तर आधी तिथे जा. मग कुठल्याही देशातल्या स्वयंसेवेचे पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: काम कोण ठरवतो, पैसा कुणाच्या हाती पडतो, आणि मी गेलो नाही तर हे काम थांबेल का? पहिल्या दोन्हींचे उत्तर ‘गाव’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तरच बॅग भरा.