सैनिकाचे हृदय आणि हिशेबाची वही

आपल्या बिदरला हवाई दलाचा तळ आहे आणि सीमाभागातली मुले फौजेत जातात. गोळी लागून पाय गेला तर अपंगत्व पेन्शनचा संबंध सर्वांना कळतो. हृदयविकार जडला की मात्र वैद्यकीय मंडळ पुष्कळदा 'हा प्रकृतीचा दोष' असे लिहिते. वस्तुतः सततची धास्ती, अपुरी झोप आणि घरापासूनचा दुरावा यांनी रक्तदाब वाढतो व रक्तवाहिन्यांची हानी होते. मनावरचा भार हृदयालाही वाहावा लागतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला हा प्रश्न हिशेबाचा वाटतो. भरतीच्या वेळची तपासणी ही आरंभीची शिल्लक. तिच्यात आजाराची नोंद नसेल आणि पुढे प्रकृतीच्या कारणाने सैनिकाला सेवेतून कमी केले, तर तो आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे; तसे नसल्यास सरकारने ते सिद्ध करावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली दिला. तो १९८२ च्या नियमांवर आधारलेला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले, म्हणून सेवा कधी संपली ते आधी पाहावे. नकार मिळाल्यास अपील करता येते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे व त्याचे पीठ कोचीला आहे.

मित्रहो, हे कागद बहुधा इंग्रजीत असतात आणि घरची भाषा मराठी किंवा कन्नड. शेजारच्या माजी सैनिकाला मंडळाचा अहवाल समजावून सांगणे आणि अपिलाची मुदत दाखवून देणे, एवढे तरी आपल्या शिक्षणातून व्हावे.