काडेपेटीचा फोन आणि फुटलेला कान

'आयकू येस का?'

धुळे-अमळनेर रस्त्यावरच्या एका गावात, जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात, गेल्या डिसेंबरातल्या एका सकाळी हा प्रश्न शे-दीडशे वेळा तरी विचारला गेला असेल. चौथीची २६ मुलं, १३ जोड्या. प्रत्येक जोडीकडे काडेपेटीची दोन आतली खोकी आणि मध्ये वीसेक पावलं लांबीचा शिवणाचा दोरा. एकानं खोक्यात तोंड खुपसून कुजबुजायचं, दुसऱ्यानं खोकं कानाला लावून ऐकायचं आणि जे ऐकलं ते वहीत लिहायचं. आमच्या लहानपणी हा खेळ कुणी शिकवावा लागत नसे. आताच्या मुलांच्या घरात खरा फोन असतो. त्यामुळे दोऱ्यातून आवाज येतो म्हटल्यावर आधी सगळी हसली, आणि खरंच आवाज आला तेव्हा दचकली.

एक जोडी मात्र अडली. 'सर, याचा फोन बिघडला.' मी दोरा ताणून पाहिला, गाठ पाहिली, स्वतः ऐकून पाहिलं. आवाज छान येत होता. खोकं त्या मुलाच्या हातात परत दिलं. त्यानं ते उजव्या कानाला लावलं आणि नकारार्थी मान हलवली. वर्गाच्या मॅडम शेजारीच उभ्या होत्या. 'त्याचं लक्षच नसतं हो सर. हाक मारली तर भलतीकडेच बघतो.' मी त्याला म्हटलं, 'दुसऱ्या कानाला लाव बरं.' त्यानं लावलं आणि चेहरा एकदम खुलला. 'येस, येस!' (अहिराणीत 'येस' म्हणजे येतं. इंग्रजीशी त्याचा काही संबंध नाही.)

मी कानाचा डॉक्टर नाही. विज्ञानाच्या खेळण्यांची पेटी घेऊन शाळाशाळांतून फिरणारा माणूस आहे. पण मॅडमचं ते वाक्य, 'भलतीकडेच बघतो', माझ्या डोक्यात अडकून बसलं. आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांमुळे कळतं. आवाज एका कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, दुसऱ्यात थोडा नंतर आणि लहान. मेंदू त्या फरकावरून दिशा ओळखतो. एकच कान नीट चालत असेल तर शब्द कळतात, दिशा कळत नाही. म्हणजे हा मुलगा दुर्लक्ष करत नव्हता. तो शोधत होता.

त्याच्या कानात काय झालं होतं ते समजायला हा फोनच बरा पडतो, म्हणून आधी फोनाबद्दल.

आपण बोलतो तेव्हा हवेत उठलेली कंपनं खोक्याच्या तळावर आदळतात. तळ पातळ आणि हलका असल्यामुळे तो आत-बाहेर थरथरतो. तळाच्या मधोमध अडकवलेला दोरा त्याच्याबरोबर किंचित ओढला जातो, किंचित सैल पडतो. सेकंदाला शेकडो वेळा. सतारीच्या तारेसारखा दोरा आडवा हलत असेल असं पुष्कळांना वाटतं. पण इथलं मुख्य काम करते ती दोऱ्याच्या लांबीच्या दिशेनं धावणारी ओढ. भुसावळच्या यार्डात उभ्या मालगाडीला इंजिनानं हिसका दिला की खट-खट-खट करत तो शेवटच्या डब्यापर्यंत जातो. डबा जागचा जेमतेम हलतो, हिसका मात्र गाडीच्या टोकाला पोचलेला असतो. दोऱ्यात तसंच होतं. पलीकडच्या खोक्याचा तळ त्या ओढीनं थरथरतो, समोरची हवा हलवतो आणि कानाला आवाज मिळतो.

मग एवढं कुजबुजणं वीस पावलांवर ऐकू कसं येतं? उघड्या मैदानात आवाज चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट झालं की त्याची तीव्रता चौथाई उरते. दोऱ्यात त्याला पसरायला जागाच नसते. पाटाच्या पाण्यासारखा तो एका वाटेनं जातो. शिवाय तो हवेतल्यापेक्षा वेगानं जातो. २० अंश तापमानाला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, आणि आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी साधारण ३५७. पोलादी तारेत हाच वेग सुमारे ५,००० मीटर असतो.

नियम मुलांनी स्वतःच शोधले. दोरा सैल सोडला की आवाज मेला. कुणी मध्येच चिमटीत धरला की मेला. कडुनिंबाच्या फांदीला टेकला तरी मेला. मात्र एका पोरीनं मधल्या दोऱ्याला तिसरा दोरा बांधून तिसरं खोकं जोडलं, तेव्हा तिघं एकाच वेळी बोलू लागली आणि एकमेकांची गुपितं ऐकून भांडलीसुद्धा.

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी ताणलेल्या तारेतून आवाज दूरवर पोचवल्याचं १६६५ मध्ये लिहून ठेवलं आहे. त्याहूनही जुना नमुना दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात सापडला. भोपळ्याच्या दोन पोकळ नळ्या, त्यांच्या तोंडावर ताणून बसवलेलं कातडं आणि मध्ये सुमारे ७५ फूट दोरी. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेनं जपलेल्या या वस्तूचं वय १,२०० ते १,४०० वर्षं मानतात. मला त्यात सर्वांत आवडते ती दोरी, कारण ती कापसाची आहे. कापूस पिकवणाऱ्या माणसांना जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच सुचलं होतं.

आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा विजेचा टेलिफोन तर थेट कानातूनच निघाला. बेल हे मूकबधिर मुलांचे शिक्षक. त्यांच्या आईला ऐकू येत नसे, पत्नीलाही नाही. १८७४ मध्ये त्यांनी डॉ. क्लॅरन्स ब्लेक यांच्याकडून मृत माणसाचा कान मिळवला, आतल्या हाडांना गवताची बारीक काडी जोडली आणि काजळी धरलेल्या काचेवर त्या काडीनं बोलण्याच्या लहरी उमटवल्या. एवढा तलम पडदा जर हाडं हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंड का हलवणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. पेटंट मिळालं ते ७ मार्च १८७६ रोजी.

आपल्या कानाचा पडदा जेमतेम ९-१० मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड असतो. हाच आपल्या खोक्याचा तळ. दोऱ्याच्या जागी एकाला एक जोडलेली तीन हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, साधारण ३ मिलिमीटरचं. पडदा मोठा आणि आतल्या कानाची खिडकी त्याच्या सुमारे सतरा पटींनी लहान, त्यामुळे पडद्यावर आलेला हवेचा हलका दाब तिथे पोचेपर्यंत वीसेक पट होतो. आतला कान द्रवानं भरलेला असतो आणि द्रव हलवायला एवढा जोर लागतोच.

आता खोक्याच्या तळाला भोक पाडा. हे मी मुलांना करायला लावलं होतं. तळ थरथरतो, पण अर्धवट. हवा भोकातून निसटून जाते आणि दोऱ्याला ओढ कमी बसते. आवाज येतो तो दबका, दूरचा.

त्या मुलाच्या पडद्याला भोक होतं. आई शाळेत आली तेव्हा म्हणाली, 'कान फुटतो त्याचा लहानपणापासून. सर्दी झाली की वाहतो, मग आपोआप थांबतो.' आपल्याकडे हे वाक्य इतकं सवयीचं झालं आहे की तो आजार आहे असं कुणाला वाटतच नाही. दात पडतात तसा कान फुटतो.

होतं असं. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीचे जंतू सहज वर चढतात. मधल्या कानात पू साठतो, दाब वाढतो, पोर रात्रभर रडतं आणि पहाटे पडदा फुटून पू बाहेर येतो. दुखणं थांबतं, म्हणून घरच्यांना बरं वाटतं. लहान भोक पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप बुजतं. पण कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत राहिला किंवा पुन्हा पुन्हा वाहू लागला, तर ते भोक तसंच राहतं आणि ऐकणं कमी होतं. वाहणं थोडं पण घाण वासाचं असेल तर जास्त घाबरावं. त्यात कधी कधी आतली हाडं झिजतात आणि दुखणं मेंदूपर्यंत जाऊ शकतं.

आणि मग त्या कानात लसणाचं कोमट तेल जातं. काडेपेटी कानाला लावायला काही हरकत नाही, काडी आत घालायला आहे. तेल, काडी, पीन, चावीचं टोक, यातलं काहीही आत जायला नको. मागच्या वेळचे उरलेले थेंबसुद्धा विचारल्याशिवाय नकोत. पडद्याला भोक असताना काही औषधं आतल्या कानाला अपाय करतात. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरच्या बाहेर बसवावा. विहिरीत उडी मारणं बंद. हे शेवटचं त्या मुलाला सर्वांत जड गेलं.

पडद्याला भोक नसतानाही दुसरी एक अडचण असते, तिची जास्त चोरटी. सर्दीनंतर मधल्या कानात चिकट पाणी साचून राहतं. दुखत नाही, वाहत नाही, फक्त आवाज बोटं घातल्यासारखा ऐकू येतो. पुष्कळ मुलांत ते तीनेक महिन्यांत ओसरतं, पण तोवर पोरगं टीव्हीचा आवाज वाढवतं, 'काय?' म्हणत राहतं आणि ढ ठरतं.

काडेपेटीचा फोन म्हणजे श्रवणचाचणी नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यावर ऐकू आलं म्हणजे कान उत्तम, असं नाही. पण तो एका वेळी एकाच कानाशी बोलतो, आणि रोजच्या व्यवहारात तसं फारसं काही होत नाही. म्हणून दोन्ही कानांना आळीपाळीनं लावून पाहावा. फरक वाटला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, पथक शाळेत येतं. पण एका दिवसात अख्खी शाळा बघायची असते. एक कान धड असलेलं मूल अशा घाईत सहज सुटतं, असं माझं मत आहे. पथक यायच्या आधी शिक्षकांनी चार नावं काढून ठेवली तर फार फरक पडेल.

अगदी तान्ह्या बाळाचं गणित वेगळं. त्याची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत असं तज्ज्ञ सांगतात, कारण ऐकल्याशिवाय भाषा येत नाही. टाळी वाजवून बाळाची परीक्षा घेऊ नये. हवेचा झोत लागूनही ते दचकतं.

घरी फोन करायचा असेल तर काडेपेटीपेक्षा चहाचे कागदी कप चांगले. तळाला सुईनं बारीक भोक पाडा, दोरा आत घ्या, काडीच्या तुकड्याला गाठ मारा. कप ओला किंवा भोक मोठं नको. डबा वापरायचा असेल तर ज्याचं झाकण मुळात निघतं असा, पातळ पत्र्याचा घ्या. कापलेल्या डब्याची कड ओठ आणि कान दोन्ही चिरते. दोरा सुती किंवा शिवणाचा. नायलॉन ताणलं की लांबतं, आणि काच लावलेला मांजा तर हातातही धरू नये. असल्या टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं हेच केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेळण्यासाठी एवढा मोठा सन्मान मिळालेला पाहून मला फार बरं वाटलं होतं.

त्या मुलाला वडील धुळ्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी चिमटा वाजवून तो आधी कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला. उजवीकडे हाडावरून जास्त ऐकू आलं. म्हणजे आतला कान शाबूत, वाट नादुरुस्त. कान आधी पूर्ण कोरडा करायचा, मग कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन नवा पडदा बसवायचा, असं ठरलं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा त्या शाळेत गेलो. आता तो पाचवीत आहे. बसतो उजवीकडच्या भिंतीला लागून, म्हणजे सारा वर्ग आणि शिकवणाऱ्या मॅडम त्याच्या डाव्या कानाकडे येतात. ही युक्ती मॅडमचीच. पावसाळ्यात कान एकदाच वाहिला. शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुटीत आहे. त्यानं कागदी कपांचा नवा फोन केला होता, कडुनिंबापासून शाळेच्या नळापर्यंत. दोरा दमट होता, आवाज बसका येत होता. तरी शर्टानं दोरा पुसत पुसत तो बोलत होता. कप त्यानं डाव्या कानाला लावला, ऐकलं, मग उजव्याला लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

'थोडं थोडं येस,' तो म्हणाला.