वेळ, वस्तू, क्रियापद

पहाटे ५:१५
गजर लावावा लागत नाही. कोपराला ओलं नाक लागलं की सव्वापाच झाले. बंड्या, लॅब्रॅडॉर, वय १७ महिने, वजन ३३ किलो. चपला मिळाल्या (दोन्ही एकाच जोडीतल्या मिळणं ही अलीकडची चैन) की आम्ही तिघं कोथरूडच्या घरातून निघतो आणि वेताळ टेकडी चढायला लागतो.

गेल्या हिवाळ्यात ह्या टेकडीवर आम्ही रोज दीड तास घालवत होतो. चेंडू फेकायचा, त्यानं आणायचा, परत फेकायचा. बंड्या घरातलं लाकूड, कापूस आणि चामडं ह्यांचा भुगा करत होता, आणि भेटेल तो सांगत होता, ‘‘दमवा हो त्याला. दमलेला कुत्रा काही करत नाही.’’ म्हणून दमवलं. तीन आठवड्यांनी ह्यांच्या खांद्याला शेक द्यावा लागला आणि बंड्याला दीड तास पुरेना. घरी येऊन पाणी प्यायचा, दहा मिनिटं पडायचा, की उठून सोफ्याकडे. आम्ही कुत्रा दमवत नव्हतो, पैलवान घडवत होतो.

डॉक्टरांनी उलटंच सांगितलं: व्यायाम कमी करा. मोठ्या जातींच्या कुत्र्यांची हाडं वाढायची थांबायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर उड्या आणि गर्रकन वळणं सांध्यांना बरी नाहीत. शिवाय चेंडूमागे धावून कुत्रा जितका दमतो तितकाच पेटतोही, आणि तो पेट घरात येऊन विझत नाही. आता पाऊण तास, लांब दोरी, चेंडू नाही. बंड्या एका झुडपाशी चार चार मिनिटं नाक खुपसून उभा राहतो आणि आम्ही शेजारी मोराचं ओरडणं ऐकत उभे. ‘‘अगं, हा व्यायाम आहे की पेपरवाचन?’’ असं ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. पेपरवाचनच आहे. आणि घरी आल्यावर तो झोपतो, हा फरक मला पहिल्याच आठवड्यात दिसला.

सकाळी ७:१५
परतल्यावर तासभर खायला नाही. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना पळापळीच्या आगेमागे पोटभर खाऊ घालू नये. जठर फुगून पीळ बसण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत कुत्रा जातो. मग नाश्ता, पण वाडग्यात नाही. सासूबाईंचं बिडाचं अप्पेपात्र आता बंड्याच्या नावावर आहे. एकाआड एक खळग्यात खाणं, वर जुने टेनिसचे चेंडू. नाकानं चेंडू सारायचा, खालचं खायचं. वाडगा ४० सेकंदांत रिकामा व्हायचा, अप्पेपात्राला १५ मिनिटं लागतात. संपलं की चेंडू उचलून ठेवायचे. चेंडूवरच्या लोकरीनं दात झिजतात, आणि तुकडा निघाला तर तो पोटात जातो.

सकाळी ८:३०
मावशी येतात. बंड्या जाळीच्या फाटकाआड. ‘‘ताई, पैलवान आत आहे ना?’’ विचारूनच त्या केरसुणी हातात घेतात. हलणारी केरसुणी पाहून शांत बसेल असा कुत्रा मी पाहिलेला नाही, आणि ती शिकवणी मावशींच्या कामाच्या वेळात घ्यायची नाही, असं आमचं ठरलं आहे.

सकाळी ९:३०
मी कामाला बसते. मुद्रितशोधन. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका समासात काढते आहे, म्हणून सोफ्याची दुसरी उशी गेली तेव्हा रडण्याऐवजी वही केली. तीन रकाने: वेळ, वस्तू, क्रियापद.

तिसरा रकाना आधी गंमत म्हणून होता. ‘बंड्यानं चावलं’ हे वाक्य मला ढिसाळ वाटत होतं. मराठीत दातांच्या कामाला इतके शब्द असताना सगळ्याला चावणं का म्हणायचं? उशी त्यानं फाडली. टीपॉयचा पाय कुरतडला. ह्यांची कोल्हापुरी वहाण दोन्ही पंजांत धरून, डोळे अर्धे मिटून, चघळली. मोजा गिळला.

महिन्याभरानं वही वाचली तेव्हा क्रियापदं वेळेप्रमाणे वेगळी झालेली दिसली. फाडणं सकाळी अकराच्या सुमाराला, झोप होऊन तो ताजा झाल्यावर आणि मी कामात बुडालेली असताना. म्हणजे खेळ. चघळणं आणि कुरतडणं संध्याकाळी सहा ते सात, घरात सगळ्यांची वर्दळ असताना. म्हणजे स्वतःला शांत करणं. माणसं सुपारी कातरतात, तसं.

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी एकच क्रियापद शोधलं: ओरबाडणं. दाराची चौकट, खिडकीची कड, तीही फक्त घरात कुणी नसताना. तसं असेल तर तो कंटाळा नसतो, एकटेपणाची भीती असते, आणि तिथे खेळणी आणून भागत नाही, वेगळे उपचार लागतात. आम्ही जुना मोबाईल पुस्तकांच्या कपाटावर चालू ठेवून लग्नाला गेलो. बंड्या पावणेदोन तास झोपला, उठला, आळस दिला आणि निवांतपणे उशीकडे गेला. भीतीचं नाव नाही.

सकाळी ११
म्हणून अकराला खोका. किराण्याचा नाहीतर औषधाच्या दुकानातला पुठ्ठ्याचा खोका, पिना आणि चिकटपट्टी काढून, आत वर्तमानपत्राच्या बोळ्यांत गुंडाळलेले खाण्याचे चार-पाच दाणे. बंड्या तो दहा मिनिटांत फाडतो. दिवाणखाना मंडईच्या मागच्या गल्लीसारखा दिसतो. पुठ्ठा तो गिळत नाही, हे आठवडाभर शेजारी बसून पाहिलं, मगच उठले. केर काढायला मला तीन मिनिटं लागतात. सोफ्याला नवं कापड चढवायला किती रुपये लागतात ते लिहीत नाही.

दुपारी १२:३०
जेवण, मग त्याची मोठी झोप. वाढलेला कुत्राही दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, आणि आम्ही ‘बिचारा कंटाळला’ म्हणून त्याला उठवत होतो. झोप अपुरी राहिलेलं मूल कसं वागतं हे दोन मुलं वाढवलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

दुपारी २
मोज्याची वेळ. तो प्रसंग ह्याच वेळचा. मुलगा बेंगळुरूहून आला होता, बंड्या त्याचा मोजा घेऊन पळाला, मुलगा ओरडत मागे. मागे लागलं की कुत्र्याला दोनच गोष्टी सुचतात: पळणं, नाहीतर ऐवज गिळून टाकणं. दोन तासांच्या आत दवाखान्यात पोचलो म्हणून इंजेक्शनवर उलटी होऊन मोजा निघाला. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा सल्ला फोनवर एका नातेवाइकांनी दिला होता. तो अजिबात पाळू नये, मीठच जिवावर बेततं. तेव्हा कळलं की आतड्यात अडकणाऱ्या वस्तूंमध्ये आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस हमखास असतात. आमच्याकडे मे महिन्यात कोयी आता झाकणाच्या डब्यात जातात.

मोज्याच्या प्रकरणावर मुलाचं म्हणणं होतं, ‘‘आई, बघ कसा अपराधी चेहरा करतोय, त्याला कळतं.’’ ह्यावर न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्यांचा २००९ सालचा छोटासा प्रयोग आहे, १४ कुत्र्यांवरचा. कुत्र्यानं गुन्हा केला की नाही ह्याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही, मालक रागावला की चेहरा होतो. बंड्या मोज्याबद्दल खजील नव्हता. आमच्या आवाजाला घाबरला होता.

आता पळवापळवी नाही, अदलाबदल. ‘‘सोड’’ म्हणायचं, गाजराचा तुकडा पुढे करायचा. ह्या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसोबत जाळी आणि मासे तोंडानं आणून देत, पुढे इंग्लंडात शिकारीतले पक्षी. तोंड हाच त्याचा हात, तो रिकामा ठेव असं कसं सांगणार?

दुपारी ४
चहा. कारल्याच्या रसाचा प्रयोगही ह्याच वेळी केला होता. टीपॉयच्या पायाला लावला. बंड्यानं पाय चाटून स्वच्छ केला आणि मग कुरतडला.

संध्याकाळी ६
अवघड तास. खाली मुलांचं क्रिकेट, घरात कुकरच्या शिट्ट्या, ह्यांचा फोन. पूर्वी ह्याच वेळी आम्ही त्याला दुसऱ्यांदा पळवायला नेत होतो, म्हणजे आगीत तेल. आता पाचलाच सावकाश एक फेरी होते आणि सहाला फ्रीजरमधून रबरी खेळणं निघतं, आत घट्ट भरलेला दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर नाहीच.

हे पोकळ खेळणं, काँग, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जन्मलं. १९७० च्या दशकात जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांकडे पोलिसांतून निवृत्त झालेला जर्मन शेफर्ड होता, फ्रिट्झ. त्याला दगड चावायची खोड होती. मार्कहॅम आपली फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत असताना निघालेला एक रबरी भाग फ्रिट्झला मिळाला आणि दगड सुटले. फ्रिट्झला पळणं कमी पडत असेल असं मला वाटत नाही. जबड्याला काम हवं होतं.

हाड, शिंग, खूर आम्ही देत नाही. शिजवलेल्या हाडाच्या किरच्या होतात, आणि कडक वस्तूवर वरच्या जबड्यातली मोठी दाढ चिरते. डॉक्टरांची कसोटी सोपी आहे: अंगठ्याचं नख दाबून खूण उमटली तर द्या, नाही उमटली तर नको.

दहीभात चाटत बंड्या पाऊण तास गालिच्यावर पडून असतो. एवढ्यात ह्यांचा फोनही संपतो.

रात्री ९:३०
मोजदाद. चपला कपाटात, रिमोट वर, चार्जरच्या वायरी काढलेल्या. पाहुण्यांना वाटतं आम्ही अचानक टापटिपीचे झालो. अजून वर्षभर तरी असंच चालेल, मोठी जात दोन-तीन वर्षांची होईपर्यंत पोरवयातच असते. रागानं किंवा मारानं ते वय लवकर सरत नाही, हेही आम्ही करून पाहिलं आहे आणि त्याची लाज वाटते.

रात्री १०:१५
वही. सुरुवातीच्या महिन्यात पानाला सात-आठ नोंदी होत्या. आज एक.

संध्याकाळी ६:४०, चष्म्याचं घर, चघळलं. टीपॉयवर मीच ठेवलं होतं.