गुडगावची पोटनिवडणूक (१९५८) : मतदारसंघ आणि भाषिक समूह

निवडणूक हा राज्यशास्त्राचा विषय मानला जातो. तथापि मतदारसंघ हा एक भाषिक अवकाशही असतो, याकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासात सहसा दुर्लक्ष होते. गुडगाव (२०१६पासून गुरुग्राम) या तत्कालीन पंजाब राज्यातील लोकसभा मतदारसंघाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९५७मध्ये येथून मौलाना अबुल कलाम आझाद निवडून आले. १९१२मध्ये ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढणारे आझाद हे फारसी-अरबी परंपरेत मुरलेले गद्यकार. त्यांचा ‘गुबार-ए-खातिर’ (१९४६) हा पत्रसंग्रह अहमदनगरच्या किल्ल्यातील बंदिवासात लिहिला गेला. म्हणजे उर्दूतील एका महत्त्वाच्या ग्रंथाची जन्मभूमी मराठी मुलखात आहे. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत प्रकाशवीर शास्त्री अपक्ष म्हणून विजयी झाले. शास्त्री हे आर्य समाजाचे संस्कृतप्रचुर हिंदीतील ख्यातनाम वक्ते. शाळांतील गुरुमुखी पंजाबीच्या सक्तीविरुद्ध १९५७मध्ये झालेल्या हिंदीरक्षा आंदोलनाची पार्श्वभूमी या लढतीला होती.

अवघ्या वर्षभरात एकाच मतदारसंघाने भाषिक संस्कारांच्या दृष्टीने परस्परांपासून इतके दूर असलेले दोन प्रतिनिधी निवडले. यावरून मतदारांची भाषानिष्ठा पालटली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. राष्ट्रीय नेत्याचे वलय, पक्षाचे बळ, जातिधर्माची समीकरणे हे घटकही मतदानात कार्यरत असतात. शिवाय मेवाती व अहिरवाटी बोलणारा येथील ग्रामीण मतदार या दोन्ही प्रमाणभाषांपासून काही अंतरावरच होता. प्रतिनिधीची भाषा आणि मतदाराची बोली यांतील हे अंतर हाच खरा अभ्यासविषय होय.

मराठीतील समांतर उदाहरण याच वर्षाचे आहे. १९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातून आचार्य अत्रे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. तेथे लेखकाची भाषा व मतदाराची भाषा यांचे नाते जवळचे होते आणि मागणी भाषिक राज्याची होती. गुडगावात वाद शाळेतील भाषेचा आणि लिपीचा होता. हरियाणा हे स्वतंत्र राज्य पुढे १९६६मध्ये निर्माण झाले.

तात्पर्य, प्रदेश म्हणजे एक भाषा आणि एक वाचकवर्ग, हे साहित्येतिहासातील रूढ गृहीतक गुडगावसारख्या सीमावर्ती प्रदेशात टिकत नाही. प्रादेशिक साहित्याचा इतिहास लिहिताना ज्यांची बोली प्रमाणभाषेच्या नोंदीत येत नाही, अशा समूहांचाही विचार करणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.